रखमाजी आणि खडशींचा जिना

रखमाजीशी माझी ओळख भांडणाने झाली. मी तेव्हा भोरला एका कचेरीत नकाशे काढायचं काम करायचो. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. वेल्ह्याच्या डोंगरातून, नसरापूरला एसटी बदलून आलेला एक किडकिडीत माणूस माझ्या टेबलापाशी उभा राहिला आणि हातातलं ओलं पोतं त्याने सरळ माझ्या नकाशावर ठेवलं. पोत्यात मेलेला मासा होता. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी मासळीला हात लावलेला नाही. मी खुर्चीसकट मागे सरकलो.

"हे काय आणलंय? उचला आधी!"

"हिचं तोंड बघा, साहेब," तो म्हणाला. "येकदा बघा, मंग उचलतो."

बघितल्याशिवाय हा हलणार नाही हे दिसतच होतं, म्हणून बघितलं. हातभर लांब मासा, मोठमोठे खवले, आणि नाकाच्या जागी नुसता लाल लगदा. त्यांच्या वाडीच्या बंधाऱ्यावर उड्या मारून मारून तिने तोंड फोडून घेतलं होतं.

ही खडशी. पुस्तकात हिला महाशीर म्हणतात. वर्षभर ती खालच्या मोठ्या धरणाच्या फुगवट्यात राहते, आणि नदीला भरपूर पाणी आलं की अंडी घालायला वर डोंगराच्या पायथ्याशी जाते, जिथे पात्रात नुसते गोटे आहेत आणि पाणी स्वच्छ आहे. मध्ये रखमाजीच्या वाडीचा बंधारा आला. दीड पुरुष उंचीची सरळ भिंत. मासा कितीही जिद्दीचा असला तरी दीड पुरुष उडी मारत नाही.

"त्या भिंतीवर म्याच मुकादम होतो," रखमाजीने सांगितलं. "डाव्या अंगाला येक फट ऱ्हायली हुती. मासं तिच्यातनं वर जायचं. मोठं साहेब म्हणालं, पाणी वाया जातंय, बुजवा. म्या माझ्या हातानं बुजवली आन् वर शाबासकी घेतली. दुसऱ्या वरसापासनं ह्या भिंतीवर मराय लागल्या."

मी त्याला म्हटलं, अर्ज करा. असं सांगून माणसाला वाटेला लावायची कचेरीची जुनी रीत आहे. पण हा वाटेला लागणाऱ्यातला नव्हता. शेंडी तुटो की पारंबी तुटो, दरवर्षी श्रावण-भाद्रपदात त्याचा अर्ज यायचा, आणि अर्जामागून तो स्वतः. नऊ वर्षं. त्याची बायको बाळाबाई मला एकदा म्हणाली, "माज्या माहेरी जायचं म्हटलं की ह्यांचं गुडघं दुखत्यात. भोरला जायचं म्हटलं की टनाटन उड्या मारत्यात." रखमाजी तोंडावर हात धरून हसला. तो नेहमी तसाच हसायचा, हसणं ही चोरून करायची गोष्ट असल्यासारखा.

नवव्या वर्षी मी निवृत्त झालो आणि मलाच लाज वाटली. जगात इतरत्र बंधाऱ्याच्या कडेने माशांसाठी पायऱ्या बांधतात हे मला ठाऊक होतं. पुण्याची एक संस्था मदत द्यायला तयार झाली, परवानगीसाठी मी कचेरीत चपला झिजवल्या, आणि नकाशा मी स्वतः काढला. अकरा खण, प्रत्येक खण आधीच्यापेक्षा वीतभर उंच, मध्ये पाणी पडायला खाच. मासा एका खणात दम खातो, उडी मारून वरच्यात जातो, असं करत भिंतीच्या माथ्यावर पोचतो. गाळ साचू नये म्हणून प्रत्येक खणाच्या तळाला मी एक भोक ठेवलं, आणि त्या भोकाचं मला फार कौतुक होतं. सगळ्यात वर एक लाकडी फळी. फळी काढली की जिन्यात पाणी खळाळतं, टाकली की बंद. ग्रामसभेने ती फळी रखमाजीच्या स्वाधीन केली.

दोन हजार एकवीसच्या पावसाळ्यात त्याने पहिल्यांदा फळी काढली आणि दुसऱ्याच दिवशी खडशी जिन्यात शिरल्या. तिसऱ्या दिवशी वाडीला कळलं. आषाढ चालू होता. आखाड तळायचे, कोंबडं-मासळी मनसोक्त खायचे दिवस, आणि इथे एकेका खणात एकेक मासा दम खात उभा. जाळं नको, गळ नको, वाकायचं आणि उचलायचं. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं. जिन्यातला मासा धरायचा नाही, असा ग्रामसभेचा ठराव चावडीच्या भिंतीवर चिकटवलेला होता, पण आखाडात ठराव कोण वाचतो? बारा-तेरा मोठ्या खडशी त्या आठवड्यात चुलीवर गेल्या. मला फोनवर रखमाजी एवढंच म्हणाला, "साहेब, पयलं भिंतीवर मरत हुत्या. आता आपुन जिना दिलाय."

मी पार खचलो. त्या माणसाने मात्र वर्षभर विचार केला आणि पुढच्या जेठात भोरला येऊन माझ्या ओसरीवर बसला. म्हणाला, "माणूस सरकारला भीत न्हाई आन् ठरावाला भीत न्हाई. पर श्रावणाला भितो. श्रावणात आमच्या वाडीत मासळी कुणी दारात बी येऊ देत न्हाई. मंग म्या फळी श्रावण लागल्यावरच काडली तर?"

जन्मभर कागदावर रेघा ओढून मला जे सुचलं नाही ते त्याला सुचलं होतं. यात एक दुखणं होतं आणि ते त्यालाही ठाऊक होतं. खडशी आषाढापासूनच पोटात अंडी घेऊन भिंतीखाली गोळा व्हायच्या. फळी बंद ठेवायची म्हणजे त्यांना तीन-तीन आठवडे भिंतीवर आपटू द्यायचं. काही मरणार, काही तिथेच खडकावर अंडी टाकणार. "थोड्या जातील," तो म्हणाला, "पर बाकीच्या चढतील." ते तीन आठवडे तो बंधाऱ्याकडे फिरकला नाही. भिंतीवरचा आवाज ऐकवत नाही म्हणाला.

त्या साली श्रावणाच्या पहिल्या दिवशी त्याने फळी काढली. मी छत्री घेऊन तिथे होतो. आठ दिवसांत एकोणीस खडशी वर गेल्या. वाडीची माणसं काठावरून बघत होती, तोंडाला पाणी सुटलेलं असेलही, पण एकाने हात घातला नाही. भाद्रपदात वरच्या गोट्यांत काडीएवढी पिल्लं हिंडत होती. रखमाजी गुडघाभर पाण्यात उभा राहून ती बघत होता आणि या वेळी त्याने हसताना तोंडावर हात धरला नाही. मला आयुष्यात इतकं बरं क्वचित वाटलं असेल.

आता माझी चूक सांगतो. ती सांगायलाच हे लिहायला घेतलंय, उगाच आडवळणाने जाण्यात अर्थ नाही.

दोन हजार तेवीस साली अधिक श्रावण आला. उन्हाळ्यात खालचं धरण तळाला गेलं होतं आणि उरल्यासुरल्या डबक्यांत जाळी फिरली होती, त्यामुळे त्या आषाढात भिंतीखाली मोठ्या माद्या सातच दिसत होत्या. रखमाजी नुसत्या सावलीवरून मासा ओळखायचा, सात म्हणजे सातच. या सात गेल्या की नदीत पुन्हा अंडी घालायला कुणी नाही, कारण आदल्या सालची पिल्लं अजून बोटाएवढी होती. त्याचा फोन आला.

"साहेब, औंदा धोंड्याचा महिना हाय. श्रावण दोन. फळी कंच्यात काडू?"

आमच्या घरी अधिक महिना म्हणजे दुप्पट सोवळं. माझी बायको मैथिली एकभुक्त राहते, रोज दिवा, रोज पोथी. मी काय सांगणार? "पहिल्यातच काढा. अधिक असला तरी श्रावणच तो. लोक उलट जास्तच पाळतील."

त्यावर तो म्हणाला, "आमच्यात धोंड्याचं येवढं न्हाई पाळत. निज श्रावणाचं पाळत्यात."

"अहो, महिनाभर आणखी थांबलात तर भिंतीखाली एक तरी शिल्लक राहील का?"

"व्हय, त्ये बी खरंच," तो म्हणाला. मी शिकलेला होतो, जिना मी काढला होता. त्याने माझं ऐकलं.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे जेवू घालतात, त्याला नारायण मानून पाय धुतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? होतं. पण पहिल्या चार-पाच दिवसांत धो धो पाऊस पडेल, नदी गढूळ होऊन खडशी जिन्यात शिरणारच नाहीत, पाऊस नेमका शनिवारी उघडेल, पाणी निवळेल, आणि रविवारी त्या चिमूटभर वाडीत अकरा जावई एकदम जमतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. जावयाला सासरी काम नसतं. सकाळचा चहा झाला की तो गाव बघायला निघतो. आणि त्या वाडीत बघण्यासारखं एकच होतं.

मी रविवारी सकाळी पोचलो तेव्हा रखमाजी बंधाऱ्यावर होता आणि त्याचा चेहरा उजळलेला होता. सातही जिन्यात शिरल्या होत्या. सगळ्यात मोठी, दहा किलोच्या आसपासची, पोट फुगलेली, नवव्या खणापर्यंत चढली होती. "दुपारपत्तूर जातील समद्या," तो म्हणाला.

साडेनऊला जावई आले. नवे शर्ट, हातात मोबाईल, कुणाकडे खताचं रिकामं पोतं, कुणी चक्क मच्छरदाणी उचलून आणलेली. त्यांच्यामागून कौतुकाने त्यांचे सासरे आले आणि छत्र्या टेकवून काठावर उभे राहिले. पोरांनी पहिल्यांदा खालची खाच पोत्याने बंद केली, मासा परत खाली पळू नये म्हणून. मग एकेका खणात उतरले.

रखमाजी धावला. "पाव्हणं, हात जोडतो. अंड्यावर आल्यात त्या."

"म्हणून तर चव लागती, आबा," एकजण म्हणाला आणि सगळे खिदळले. त्यात दुष्टावा काही नव्हता. सहलीला आलेली पोरं हसतात तशी ती हसली, आणि याचाच मला जास्त संताप आला.

रखमाजीने एकाचा दंड धरला. तेवढ्यात त्या पोराचा सासरा, गेनू, पुढे झाला आणि रखमाजीला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "पाव्हण्याला टाकून बोलू नगंस. धोंड्याचं आलंय माणूस. रुसून गेला आन् उद्या माझी पोर म्हायेरी धाडली, तर तू निस्तरणार हाईस का?"

रखमाजीने दंड सोडला. मग घाबऱ्याघुबऱ्या त्याला एकच सुचलं. तो धावत वर गेला आणि त्याने फळी टाकली. पाणी बंद केलं तर खेळ बंद होईल, असं त्याला वाटलं असावं. पण वरून पाणी बंद झाल्यावर माझी ती कौतुकाची भोकं कामाला लागली. बघता बघता अकराही खण रिकामे होत गेले. कमरेएवढं पाणी घोट्यावर आलं आणि खडशी उघड्या पडल्या, कुशीवर, कल्ले उघडझाप करत. त्याने फळी परत उचलायची खटपट केली, पण घाईत ती तिरकी पडली होती आणि वरच्या पाण्याच्या दाबाने खोबणीत आवळून बसली होती. मीही हात लावला. हलली नाही. खाली पोरं ओरडत होती, "आरं, आबानी सोयच केली!" एक, दोन, तीन. सहा गेल्या.

सातवी, तीच ती सगळ्यात मोठी, पाणी ओसरता ओसरता धडपडत सगळ्यात वरच्या खणात पोचली होती. तिथून वरचं पाणी हातभर. रखमाजी त्या खणात उतरला. दोनदा त्याने तिला कवेत घेतली, पार छातीपर्यंत उचलली, दोनदा ती निसटली. त्याचं वय सदुसष्ट. मी काठावर चपला काढत होतो, देवा, चपला काढत होतो! तिसऱ्यांदा त्याच्याने उचलवेना. मग त्याने अंगावरचं इरलं तिच्यावर पालथं घातलं आणि दोन्ही पाय फाकून तिच्यावर उभा राहिला, जणू काही तिथे काही नाहीच. पोरं वर बघत होती. दोन-चार मिनिटं गेली असती, तर पोरं कंटाळून घराकडे गेलीही असती.

तेवढ्यात मोटारसायकल आली. धनाजी, रखमाजीचा स्वतःचा जावई. उत्रोलीचा, भाताची शेती, हसतमुख, सरळ मुलगा. रत्नाचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं आणि हा पहिला धोंडा. रत्नाला घरी सोडून तो गंमत बघायला तसाच नदीवर आला होता. विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि हसत हसत जिन्यावर चढला.

"मामा, आवो सरका! तुमच्या पायातच हाय की मासा. तुमाला न्हाई झेपायचं, द्या हिकडं."

"धरू नका तिला!" मी ओरडलो. काठावरून कुणीतरी म्हणालं, "साहेब, तुमी मासं खात न्हाई, तुमाला त्यातलं काय कळायचं?"

रखमाजीने माझ्याकडे बघितलं, मग काठावर उभ्या असलेल्या सगळ्या सासऱ्यांकडे बघितलं. आपल्या पोरीच्या संसाराच्या भीतीने ते सगळे गप्प होते आणि आता तेही त्याच्याकडेच बघत होते. धनाजी हात पुढे करून उभा होता. आणि रखमाजी सरकला. एकच पाऊल, पण सरकला.

दुपारी बाळाबाईने धोंडे केले. रखमाजीने ताम्हणात जावयाचे पाय धुतले, पुसले, गंध लावलं. धनाजीच्या नडगीला माशाची पिवळी अंडी चिकटलेली होती, ज्वारीच्या दाण्याहून लहान. ती रखमाजीने अंगठ्याने हळूच सोडवली. रत्ना बापाकडे बघत होती. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं आणि सगळं कळलेलं होतं.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. फळी दुरुस्त केली, तळाची भोकं बुजवली, श्रावणातच पाणी सोडलं. जिन्यात पाणी सुरेख खळाळतं. चढायला कुणी येत नाही. आदल्या सालची पिल्लं मोठी होऊन कधीतरी येतील, असं मी रखमाजीला सांगत असतो. तो व्हय म्हणतो. खालच्या धरणात उन्हाळ्यात काय होतं हे मीही बघतो आणि तोही बघतो.

पण मला त्या रविवारची संध्याकाळ सांगून संपवायचं आहे. दुपारी गोडाचं झालं, संध्याकाळी तिखटाचं. उजेड असतानाच बाळाबाईने पानं वाढली. मला पिठलं-भाकरी, जावयाला खडशीचा रस्सा, आणि वाटीत तळलेली अंडी. रखमाजीच्या पुढेही पिठलंच होतं.

धनाजीने हात आखडला. "मामा, तुमाला न्हाई वाढलं?"

"आबा मासं खात न्हाईत," रत्ना चटकन म्हणाली. बंधाऱ्याची ती फट बुजवली त्याच्या दुसऱ्या वर्षापासून त्याने मासा तोंडात घातला नव्हता, हे मलाही तिथेच कळलं.

"खात न्हाईत?" पोराचा चेहरा पडला. "आन् म्या हौसंनं धरून आनली. माजं कायतरी चुकलं का, मामा? सांगा तसं. तुमी घेतल्याबिगर म्या न्हाई जेवायचा."

ताटावर बसलेला जावई, धोंड्याच्या महिन्यात, उपाशी उठणार होता. बाळाबाई पदर तोंडाला लावून दारात उभी होती. रत्ना मान खाली घालून. मला ओरडून सांगावंसं वाटलं की होय, चुकलं, तुझं चुकलं, माझं त्याहून जास्त चुकलं. मी पिठल्याची वाटी जवळ ओढली.

"छ्या, चुकतंय काय," रखमाजी म्हणाला. "वाड गं मला."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, मासळीचा घास घेतला. चावला. गिळला. दुसरा घेतला. "लई झ्याक झालंय," तो म्हणाला. धनाजी खुलला आणि जेवायला लागला. रखमाजीने पानात एक काटाही टाकला नाही. माझी भाकरी तशीच राहिली.

नंतर आम्ही दोघं अंगणात हात धुवायला आलो. तो तांब्यातलं पाणी हातावर नुसता ओतत राहिला.

"दुसऱ्या कुनाच्या ताटात गेली असती, साहेब," तो म्हणाला, "तर सकाळी त्याच्या दारात जाऊन भांडलो असतो. आता कुनाच्या दारात जाऊ?"

आतून जावयाची हाक आली, "मामा, या की! आजून लई हाय." रखमाजीने हात धोतराला पुसले, टोपी सारखी केली आणि आत गेला.